‘लेखी उत्तरात कबुली’ म्हणजे काय असतं? गृह आणि आरोग्य खात्याची उत्तरं कशी वाचायची

हिवाळी अधिवेशन नागपुरात सुरू झालं की पेपरात एक ठरलेली बातमी येते : ‘मंत्र्यांची लेखी उत्तरात कबुली’. खाली दोन आकडे, एका आमदाराचं नाव, आणि संपलं. मूळ उत्तर मिळवून वाचलं तर कबुली अशी त्यात क्वचितच सापडते. सापडतात त्या तोलूनमापून लिहिलेल्या चार-पाच ओळी, आणि त्या विचारलेल्या प्रश्नाच्या शब्दांना घट्ट चिकटून असतात. प्रश्न ढिला असला की उत्तर शंभर टक्के खरं असूनही हाती काही लागत नाही. म्हणून उत्तर वाचायला घेण्याआधी प्रश्न शब्दन्‌शब्द वाचायचा.

आयुधं कोणती, एवढं आधी पाहून घेऊ. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. तातडीच्या सार्वजनिक विषयावर मंत्र्यांकडून निवेदन हवं असेल तर लक्षवेधी सूचना, विधानसभेत नियम १०५ खाली आणि विधान परिषदेत नियम १०१ खाली. प्रश्नोत्तराला तासच मिळतो, त्यामुळे तारांकितांच्या यादीतले वरचे काही प्रश्नच प्रत्यक्ष पुकारले जातात. बाकीच्यांची उत्तरं यादीत छापून राहतात, आणि सगळ्यात कामाची माहिती बहुधा याच न पुकारलेल्या प्रश्नांत असते. टीव्हीवर मात्र गाजतो तो उपप्रश्नांचा गोंधळ.

आता एक नमुना. हा प्रश्न इथे समजावण्यासाठी रचलेला आहे, पण बांधणी अस्सल विधिमंडळाची आहे :

‘सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :- (१) नागपूर जिल्ह्यातील अमुक ग्रामीण रुग्णालयात मागील सहा महिन्यांपासून भूलतज्ज्ञ नसल्याने सर्व शस्त्रक्रिया बंद आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्यामुळे गरोदर मातांना नागपूर शहरात पाठवावे लागत आहे, हे खरे आहे काय, (३) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?’

आणि उत्तर :

‘(१) हे खरे नाही. (२) व (३) उक्त रुग्णालयात भूलतज्ज्ञांची सेवा मानधन तत्त्वावर उपलब्ध करून घेण्यात येत असून आवश्यकतेनुसार शस्त्रक्रिया करण्यात येत आहेत. (४) प्रश्न उद्भवत नाही.’

या उत्तरात खोटं काहीच नाही. प्रश्नात ‘सर्व’ शब्द आहे. सहा महिन्यांत एक जरी सिझेरियन झालं असेल, तर ‘सर्व शस्त्रक्रिया बंद’ हे विधान पडलं आणि ‘हे खरे नाही’ म्हणायला विभाग मोकळा झाला. ‘मानधन तत्त्वावर’ म्हणजे बाहेरचा खासगी भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतो आणि प्रत्येक केसमागे पैसे घेतो. रात्री दोन वाजता तो येतो का, हे कुणी विचारलेलं नाही, म्हणून सांगितलेलंही नाही. आता (२) आणि (३) एकत्र का बांधले ते पाहा. माता नागपूरला पाठवल्या जातात का, हा होय-नाहीचा प्रश्न होता. तो कार्यवाहीच्या प्रश्नाला जोडला, उत्तर फक्त कार्यवाहीचं दिलं, आणि माता गायब झाल्या. गृह असो की आरोग्य, दिल्ली असो की नागपूर, प्रश्नाच्या भागांची मोळी बांधली की आतली एखादी काडी हमखास निसटते. उत्तर वाचताना पेन्सिलीने प्रश्नाच्या प्रत्येक भागापुढे खूण करायची. ज्याच्यापुढे खूण पडत नाही तो पुढच्या प्रश्नाचा विषय.

हाच प्रश्न आमदाराने असा विचारला असता तर? ‘१ एप्रिल ते ३० सप्टेंबर या कालावधीत उक्त रुग्णालयात महिनानिहाय किती सिझेरियन झाली, किती गरोदर मातांना डागा स्त्री रुग्णालय अथवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात संदर्भित करण्यात आले, आणि भूलतज्ज्ञ कोणकोणत्या तारखांना उपस्थित होते ?’ याला ‘हे खरे नाही’ म्हणता येत नाही, कारण नाकारण्याजोगं विधानच त्यात नाही. ‘सर्व’, ‘पूर्णपणे’, ‘अनेक’, ‘मोठ्या प्रमाणावर’ हे शब्द प्रश्नात आले की विभागाचं काम सोपं होतं. महिना, संख्या आणि तारीख आली की अवघड. तरीही असे प्रश्न कमी येतात. ‘हे खरे आहे काय’मध्ये आरोप आधी छापला जातो, आणि बातमी व्हायला तेवढं पुरतं.

‘अंशतः खरे आहे’ दिसलं तर थांबून वाचावं. खालच्या कार्यालयाने प्रश्नातली गोष्ट मान्य केली आहे आणि वरच्याने तिला मर्यादा घातली आहे, असा त्याचा साधारण अर्थ. कोणता अंश खरा, हे पुढच्या वाक्यात सांगितलेलं असतं.

प्रश्न कुणाच्या दारात जातो

नागपुरात ‘सरकारी दवाखाना’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मेडिकल आणि मेयो येतात. मेडिकल म्हणजे १९४७ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, मेयो म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. हे दोन्ही आरोग्य मंत्र्यांच्या खात्यात येत नाहीत. ते वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभागाकडे आहेत. डागा स्त्री रुग्णालय, प्रादेशिक मनोरुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रं त्याच विभागाची, पण रोजचा कारभार जिल्हा परिषदेचा. महापालिकेचे दवाखाने महापालिकेचे, म्हणजे मंत्रालयात नगरविकास. मिहान प्रकल्पातलं एम्स थेट केंद्राचं. २१ डिसेंबर २०२४ च्या खातेवाटपात सार्वजनिक आरोग्य प्रकाश आबिटकर यांच्याकडे आणि वैद्यकीय शिक्षण हसन मुश्रीफ यांच्याकडे गेलं. म्हणजे डागाहून मेडिकलला पाठवलेल्या एकाच बाईच्या प्रवासाबद्दल विचारायचं तर दोन मंत्री लागतात. डागाच्या प्रश्नाला आलेल्या उत्तरात ‘रुग्णास पुढील उपचारार्थ संदर्भित करण्यात आले’ असं असेल तर पुढे काय झालं ते त्या खात्याच्या कागदावर नसतंच.

गृहातही हेच. शहराचे पोलीस आयुक्त, ग्रामीणचे पोलीस अधीक्षक, मध्यवर्ती कारागृह, न्यायवैद्यक प्रयोगशाळा ही सगळी गृह विभागाची. मेडिकलमध्ये शवविच्छेदन झालं, व्हिसेरा, म्हणजे शरीरातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला, आणि कित्येक महिने मृत्यूचं कारण कळत नाही, अशी तक्रार असेल तर प्रश्न वैद्यकीय शिक्षणाला विचारून उपयोग नाही. तिथून उत्तर येणार, ‘व्हिसेरा तपासणीसाठी पाठविण्यात आला आहे’. विलंब कुठे आहे हे गृह सांगू शकतं : नमुना ठाण्यातून प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोचला, सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषणाचा अहवाल, कोणत्या तारखेला निघाला, आणि ठाण्याने तो कधी उचलला. या तीन तारखा वेगवेगळ्या मागाव्या लागतात. अहवाल तयार होऊन पडून राहिलाय आणि न्यायला कुणी आलेलं नाही, हेही घडतं.

उत्तर तयार कसं होतं

प्रश्न विधिमंडळ सचिवालयात दाखल होतो, नियमांच्या चाळणीतून जातो आणि स्वीकृत झाला की विभागाकडे येतो. विभागातला कक्ष अधिकारी तो संचालनालयाला पाठवतो, तिथून उपसंचालक, तिथून जिल्हा, मग तालुका, मग केंद्र. परतीचा प्रवास याच वाटेने. गृहात वाट पोलीस ठाणे, आयुक्तालय, महासंचालकांचं कार्यालय, गृह विभाग अशी. मेडिकल चौकापासून सिव्हिल लाइन्समधलं विधानभवन काही किलोमीटरवर, पण मेडिकलच्या खाटांची माहिती मुंबईचा फेरा मारूनच तिथे पोचते. प्रत्येक टप्प्यावर मजकूर थोडा थोडा घासला जातो. खालून ‘डॉक्टर नाहीत’ असं गेलेलं वर पोचेपर्यंत ‘पद रिक्त असून भरण्याची कार्यवाही सुरू आहे’ होतं.

या प्रवासाचा एक परिणाम नेहमी लक्षात ठेवायचा : उत्तरातला आकडा उत्तराच्या दिवसाचा नसतो. डिसेंबरात दिलेल्या उत्तरात ‘ऑक्टोबरअखेर’ लिहिलेलं असतं, आणि बातमीत ते ‘सध्या’ होतं. तारीख दिलेलीच नसेल तर तो आकडा तुलनेला घेऊ नये.

छापील उत्तराखेरीज मंत्र्यांसाठी एक वेगळी टिपणी तयार होते, संभाव्य उपप्रश्नांची. खरा तपशील तिच्यात असतो. म्हणून पुकारलेल्या प्रश्नाचं कामकाजातलं प्रतिवृत्त छापील यादीपेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

गृह खात्याचे आकडे

गुन्ह्यांचे देशपातळीवरचे आकडे राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्र, म्हणजे एनसीआरबी प्रसिद्ध करतं. तिथे मुख्य गुन्ह्याचा नियम आहे : एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर सगळ्यात गंभीर गुन्ह्याखालीच नोंद होते. बलात्कार करून खून झाला असेल तर तो खुनात मोजला जातो, आणि बलात्काराच्या रकान्यात दिसत नाही. वीस लाखांवर लोकसंख्येच्या ज्या १९ शहरांची वेगळी मोजदाद होते त्यांत नागपूर आहे. शहरांचा ‘लाख लोकसंख्येमागे गुन्हे’ हा दर काढताना मात्र लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरली जाते, नागपूरसाठी सुमारे २५ लाख. भागाकार जुन्या लोकसंख्येने होत असल्यामुळे वाढत्या शहराचा दर आहे त्याहून जास्त दिसतो. मुंबई आणि नागपूरची तुलना करणाऱ्या बातम्यांत ही गोष्ट हटकून सुटते.

शिवाय ‘नागपूर शहर’ म्हणजे काय? पोलिसांच्या लेखी ते आयुक्तालय. त्यात कामठी, हिंगणा अशी महापालिकेच्या हद्दीबाहेरची ठाणीही येतात. पोलिसांचा शहराचा आकडा महापालिकेच्या लोकसंख्येने भागला की गणित चुकलंच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळे २०२४ चं वर्ष मधोमध चिरलं गेलं आहे. खुनाचं कलम ३०२ होतं ते १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये आहे. नुसते क्रमांक बदलले असते तर एक वेळ चाललं असतं. स्नॅचिंग, म्हणजे हिसकावून नेणं, हा नव्या संहितेत कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्वी गाडीवरून येऊन मोबाइल ओढून नेला तर तो चोरीत किंवा जबरी चोरीत जायचा. त्यामुळे ‘जबरी चोऱ्या घटल्या’ असं उत्तर आलं तर आधी स्नॅचिंगचा रकाना उघडून पाहायचा.

बेपत्ता महिला आणि मुलींच्या आकड्यांवर दर अधिवेशनात खडाजंगी होते. इथे तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एक, वर्षभरात किती जणी बेपत्ता झाल्याची नोंद झाली. दोन, त्यांपैकी किती मिळून आल्या, आणि कोणत्या तारखेपर्यंत, कारण नोव्हेंबरात हरवलेली डिसेंबरात सापडली नाही म्हणून ती कायमची हरवली असं नसतं. तीन, अठरा वर्षांखालची मुलं. ती हरवली की नोंद अपहरणाचा गुन्हा म्हणून होते, पूर्वी कलम ३६३, आता १३७. म्हणून ‘अल्पवयीनांच्या अपहरणात वाढ’ या मथळ्यात घरातून रागावून निघून गेलेला मुलगाही असतो आणि खरोखर विकली गेलेली मुलगीही. विभागणी मागितल्याशिवाय ती मिळत नाही. विरोधक पहिला आकडा वाचतात, सत्ताधारी दुसरा, आणि दोघंही बरोबर असतात.

कोठडीतल्या मृत्यूंबाबत संसदेतली गृह मंत्रालयाची उत्तरं बहुधा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या आकड्यांवर असतात, आणि ते आर्थिक वर्षाचे, एप्रिल ते मार्च. एनसीआरबी कॅलेंडर वर्ष धरतं. शिवाय पोलीस कोठडी वेगळी आणि न्यायालयीन कोठडी, म्हणजे कारागृह, वेगळी. कारागृहात आजारपणाने झालेले मृत्यूही न्यायालयीन कोठडीच्या आकड्यात असतात. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून लगेच लपवाछपवीचा आरोप करू नये. आधी वर्ष आणि कोठडी तपासावी.

राहिलं ‘तपास सुरू आहे’ आणि ‘न्यायप्रविष्ट आहे’. या दोन वाक्यांपुढे अनेक जण हात टेकतात. न्यायप्रविष्ट प्रकरणाच्या गुणदोषांवर बोलता येत नाही हे खरं, पण तारखांवर पडदा नसतो. अटक कधी, दोषारोपपत्र कधी, कोणत्या कलमांखाली? गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ‘मुदतीत दोषारोपपत्र दाखल न झाल्याने किती आरोपींना जामीन मिळाला’ हा प्रश्न कोणत्याही खटल्यात ढवळाढवळ करत नाही, आणि तपासाचा दर्जा मात्र नेमका दाखवतो.

आरोग्याचे आकडे

इथे सगळ्यात फसवा शब्द ‘भरलेली पदे’. उत्तरात तक्ता असतो : मंजूर, भरलेली, रिक्त. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदं मंजूर, दोन भरलेली, रिक्त शून्य. गावात मात्र डॉक्टर नाही. कारण एक डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे, पगार मूळ पदावरून. दुसरे दीर्घ रजेवर किंवा पदव्युत्तर शिक्षणाला गेलेले. पद भरलेलंच आहे. म्हणून तक्त्यात चौथा रकाना मागायचा, ‘प्रत्यक्ष कार्यरत’, आणि पाचवा, ‘कंत्राटी’.

इमारतींचंही तसंच. ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं असतं, त्याचं ५० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन झालं अशी घोषणा होते. श्रेणीवर्धनाचा शासन निर्णय ही पहिली पायरी. मग जागा, आराखडा, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, बांधकाम. आणि समांतर दुसरी वाट पदनिर्मितीची, जी वित्त विभाग आणि उच्चस्तर सचिव समितीतून जाते. या दोन वाटांचा वेग जुळत नाही. विदर्भात कुठेही गेलात तर रंग दिलेली, कुलूप लावलेली इमारत दिसेल. तिचं कारण बहुतेकदा हेच : सार्वजनिक बांधकाम विभागाने काम पुरं केलं आणि पदांची नस्ती, म्हणजे फाइल, अडकली. ‘प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे’ या उत्तरावर योग्य उपप्रश्न एकच : प्रस्ताव आज कोणत्या कार्यालयात, कोणत्या तारखेपासून?

पैशांच्या बाबतीत तरतूद, वितरित आणि खर्च हे तीन वेगळे शब्द आहेत. डिसेंबरात पुरवणी मागण्या मांडल्या जातात, त्यामुळे नागपूरच्या अधिवेशनात दिसणारी तरतूद अनेकदा ताजी असते आणि तिच्यापुढचा खर्च शून्य असतो. त्यात गैर काही नाही. मार्चनंतर तोच आकडा पुन्हा विचारला की कळतं.

पूर्व विदर्भासाठी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं उदाहरण घ्या. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य. उत्तरांत येणारा मोठा आकडा ‘तपासणी केलेले’ हा असतो. त्याखाली वाहक आणि रुग्ण. वाहकाला सहसा उपचार लागत नाहीत, पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून वाहक आणि रुग्ण एकत्र मोजलेला आकडा कुठल्याच कामाचा नाही. त्यातही पहिली विद्राव्यता चाचणी झटपट होते, पण ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. पहिल्या चाचणीत सकारात्मक आलेल्यांपैकी किती जणांची पक्की चाचणी झाली, हा आकडा मागितला की अभियान कुठे थबकलंय ते दिसतं.

मातामृत्यूंबाबत एवढंच : महाराष्ट्राचा २०१८-२० चा दर लाख जिवंत जन्मांमागे ३३, देशाचा ९७, हे नमुना पाहणीतून काढलेले राज्यपातळीचे आकडे आहेत. एखाद्या जिल्ह्याच्या उत्तरात येणारे मृत्यू आरोग्य संस्थांनी नोंदवलेले असतात. दोन्ही शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये. मेडिकलमध्ये झालेल्या मृत्यूंत मध्य प्रदेश, छत्तीसगडहून शेवटच्या क्षणी आणलेले रुग्णही असतात.

दिल्लीचा प्रश्न दिल्लीला

‘पोलीस’, ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये’ हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीतले विषय. त्यामुळे खासदाराने नागपुरातल्या गुन्ह्यांबद्दल लोकसभेत विचारलं की उत्तराची पहिली ओळ हीच असते, आणि ती टाळाटाळ नाही. पण नागपुरात केंद्राचं बरंच काही आहे : मिहानचं एम्स, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, एनडीआरएफ अकादमी, सीआरपीएफचं केंद्र. यांतलं एम्स वगळता बाकी सगळी केंद्रीय गृह मंत्रालयाची. लोकसभेत गृह मंत्रालयाची पाळी मंगळवारी आणि आरोग्याची शुक्रवारी येते, राज्यसभेत अनुक्रमे बुधवारी आणि मंगळवारी. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, किमान पंधरा दिवसांची सूचना द्यावी लागते. औषधं, वैद्यकीय शिक्षण आणि राज्याबाहेर पसरणारे साथीचे रोग हे समवर्ती सूचीत आहेत. तिथे ‘राज्याचा विषय’ हे उत्तर पुरत नाही.

सभागृहात मंत्री ‘तपासून कारवाई करू’, ‘माहिती घेऊन पटलावर ठेवू’ म्हणाले की ते आश्वासन होतं आणि आश्वासन समितीच्या नोंदीत जाऊ शकतं. संसदेत त्याच्या पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत आहे. म्हणून ‘माहिती घेण्यात येत आहे’ असं उत्तर दिसलं तर ते टाकून देऊ नका. पुढच्या अधिवेशनात त्याच क्रमांकाचा हवाला देऊन ‘सदर माहिती प्राप्त झाली आहे काय’ असं विचारता येतं.

आमदारांकडे विषय घेऊन जाताना एक पानच न्यावं, वर संस्थेचं पूर्ण नाव, तालुका, विभाग, कालावधी, आणि खाली तीन-चार मोजता येणारे प्रश्न. तेही अधिवेशनाच्या पुरेसं आधी, कारण टेकडी रोडवर अधिवेशनावर आलेले मोर्चे अडवले जाऊ लागतात तोवर तारांकितांची मुदत केव्हाच उलटलेली असते. उरतात लक्षवेधी आणि औचित्याचा मुद्दा, म्हणजे तातडीचा विषय सभागृहापुढे मांडण्याची सोय. प्रश्न लागला नाही, किंवा उत्तरातला रकाना रिकामा राहिला, तर माहितीचा अधिकार आहे : दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्जात सभागृह, अधिवेशन, प्रश्न क्रमांक आणि दिनांक लिहून, उत्तर तयार करताना जिल्हा कार्यालयाने विभागाला पाठवलेल्या माहितीची प्रत मागायची. अर्ज मंत्रालयाला न करता त्या जिल्हा कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला करावा. माहिती तिथूनच गेलेली असते, आणि घासली जाण्याआधीचा मजकूरही तिथल्याच फाइलीत असतो.